आठचा आकडा आणि तोल

समजा, गोवंडीत राहणाऱ्या तुमच्या मोठ्या भावाला शिकाऊ परवाना मिळून ३० दिवस झाले आहेत. आता पक्क्या परवान्यासाठी त्याला वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात मोटरसायकल चालवून दाखवायची आहे. सरळ रस्त्यावर तो झकास चालवतो. पण आठचा आकडा काढू लागला की त्याचा पाय जमिनीला टेकतो. वेगात जमते ते सावकाश का जमू नये?

तळहातावर एक लांब काठी उभी धरून पाहा. काठी उजवीकडे कलली की तुम्ही हातही उजवीकडे नेता. आधार पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतो आणि काठी सावरते. दुचाकीचेही तसेच आहे. गाडी ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला हँडल वळवले, की चाके गाडीखाली येतात. वेग असेल तर हँडल किंचित वळवून भागते. वेग कमी असेल तर तेच काम करायला हँडल बरेच वळवावे लागते, म्हणून नवशिक्या डगमगतो.

मग वेग वाढवावा का? वळणासाठी लागणारे अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी १० किलोमीटर वेगाला गाडी सुमारे १५ अंश कलवावी लागते. वेग दुप्पट केला तर सुमारे ४६ अंश! इतके कलणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तेव्हा उपाय असा: पहिला गिअर, क्लच अर्धवट दाबलेला, ॲक्सिलरेटर स्थिर आणि मागचा ब्रेक हलकाच. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचे तिथे हवी. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नये. टायरचे घर्षण वळण्यात आधीच खर्च होत असते. त्यावर ब्रेकचा ताण आला की चाक घसरते.

ही कसोटी केवळ परवान्यापुरती नाही. स्टेशनबाहेरच्या गर्दीत एखादे मूल अचानक आडवे आले, तर सावकाश गाडी ताब्यात ठेवता येणे हेच दोघांनाही वाचवते.

गिअरच्या मोटरसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर शाळेच्या मैदानात चुन्याने मोठा आठ आखा आणि सायकलवरून, पाय न टेकता, जास्तीत जास्त सावकाश फेरी कोण मारतो ते पाहा!