सूर मागून का येतो?

प्रश्न : मोठ्या हौसेने एका स्टेडियममध्ये गाणी ऐकायला गेलो. सर्वांत मागची जागा मिळाली. पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलत, सूर मागून येई. फार विरस झाला. असं का होतं?
– एक वाचक, न्हावा शेवा

उत्तर : आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे मंचावरच्या स्पीकरपासून १०० मीटरवर तो ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो; चित्र मात्र लगेच दिसतं. शिवाय भिंतींवरून परतणारा आवाज शब्द पुसट करतो. पुढच्या वेळी मंचासमोर, साउंड मिक्सरच्या आसपासची जागा घ्या. आवाज तिथूनच जुळवला जातो. आणि झालेला विरस विसरायला गायक भीमसेन जोशींनी १९५३मध्ये सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकदा जरूर ऐका. निवांत फुलणारा राग वर्षानुवर्षं मनात राहतो.