सगळ्या शेळ्या एकदम माजावर?

प्रश्न : माझ्या बारा उस्मानाबादी शेळ्या मागेपुढे माजावर येतात. इंजेक्शन देऊन एकदम आणता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी एकही गाभण नाही याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्या. हे इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचं. ते अंडाशयावरचा पीतपिंड जिरवतं; त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि दोन-तीन दिवसांत शेळी शेपूट हलवत बेंबटायला लागते. गाभण मेंढीत साधारण दोन महिन्यांनंतर वारच प्रोजेस्टेरॉन पुरवते. शेळी मात्र पाचही महिने पीतपिंडाच्याच भरवशावर. चौथ्या महिन्यातही सुई टोचली तर गाभडते.

ज्या माजावरच येत नाहीत, त्यांच्यासाठी आधी फुकटचा उपाय करा : बोकड महिनाभर दूर, वासही पोचणार नाही असा ठेवा आणि मग एकदम कळपात सोडा. पहिल्या माजानंतर आठवड्यातच पुन्हा माज दिसला, तर घाबरू नका. पहिलं चक्र बऱ्याचदा आखूडच असतं.