मुळीची परीक्षा

मंडळी, सातारा-सांगलीकडे पावसाळ्यात बांधावर साप निघतोच. साप चावला की सर्पगंधेची मुळी उगाळून द्यावी, असे जुनी माणसे सांगत. मुळी खरीच गुणाची का?

मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी तिची परीक्षा घेतली. रक्तदाब वाढलेल्या ५० रोग्यांना तिचे औषध दिले. दाब वेळोवेळी मोजला, लिहून ठेवला. बहुतेकांचा दाब उतरला. १९४९ साली त्यांनी हे जगापुढे मांडले.

पण सापाच्या विषावर ती मुळी चालत नाही. नाव सापाचं, गुण रक्तदाबावर! म्हणून साप चावला तर मुळी शोधत बसू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरचे प्रतिविष घ्या. रक्तदाबालाही मुळी आपल्या मनाने खाऊ नका. औषधाचे माप डॉक्टरांनाच विचारा.