पेपर हातात पडताना छाती का धडधडते?

पुण्याला शिवाजीनगरात, आघारकर संशोधन संस्थेच्या मागल्या बाजूस राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे कार्यालय आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांची सूत्रे तेथून हलतात. या परीक्षा जवळ आल्या, की पुण्यात काय किंवा गडचिरोलीत काय, हजारो मुलांच्या पोटात एकाच वेळी गोळा येतो. असे का होते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागताच त्या अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदय जलद चालू लागते, यकृत साखर पुरवते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते. तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली या तयारीचे वर्णन केले. ती लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते. वाघ समोर आला, तर फार उपयोगाची! पेपराशी मात्र लढताही येत नाही आणि वर्गातून पळताही येत नाही.

थोडी धडधड चांगलीच. तिने मन जागे राहते. ती फार वाढली, म्हणजे मात्र काल तोंडपाठ असलेले सूत्र आज आठवत नाही. ते पुसले गेलेले नसते. ताणामुळे वाढलेले कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक आठवण वर येऊ देत नाही, इतकेच. म्हणून तर वर्गाबाहेर आल्यावर ते चटकन आठवते!

आता एक प्रयोग करा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटे ठेवून नाडी पाहा. सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तुमच्या वयात हा फरक चांगला कळतो. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून येणारी व्हेगस मज्जा हृदयाला लगाम घालते. हृदयाला ‘हळू चाल’ असे सांगता येत नाही. श्वासाला सांगता येते. सूत्र आठवेनासे झाले, तर पाच-सहा श्वास असे घ्या आणि दुसरा प्रश्न सोडवायला लागा. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटे वाढवून देते, तेव्हा एवढा वेळ परवडतो.

आणि रात्री झोपा! जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. पाठांतरानंतर झोपले असता त्यांना कितीतरी अधिक अक्षरे आठवली. जागे राहिले असता थोडीच. पहाटेपर्यंत चहा पिऊन जागणारा मित्र तुमच्यापेक्षा जास्त अभ्यास करतो, असे समजू नका.

काही वेळा मात्र श्वासाने भागत नाही. दिवसेंदिवस झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर घरी किंवा शिक्षकांना लगेच सांगा. परीक्षेच्या दिवसांत मंडळाचे समुपदेशक दूरध्वनीवर बोलतात. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. आणि एखादा विषय राहिलाच, तर त्याच वर्षी पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते.