कोटेशनमधलं इंग्रजी : कोणती चूक चालते, कोणती खिशाला लागते?



कोटेशनच्या व्हिडिओत इंग्रजी शब्दांचा भाग वेळेअभावी थोडक्यात घेतला होता. तो इथे नीट समजून घेऊ.

माकुणसार, केळवे, सफाळे या पट्ट्यात कोणी फॅब्रिकेशनचं काम सुरू करतं, कोणी डबे पुरवतं, कोणी छपाई करतं. बहुतेकांची नजर बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीवर असते. बोलणं मराठी-हिंदीत होतं, पण परचेस विभागाचा मेल आला की तो इंग्रजीत! मग आपण घाबरतो ते व्याकरणाला. 'इज' की 'आर', 'द' लावायचा की नाही. खरं सांगू? तिथे चुकलात तर फार तर कोणी हसेल. पैसे जातात ते दुसरीकडे.

एका अक्षराची किंमत

ब्रिटनमधली ही गोष्ट ऐका. २००९ मध्ये तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाने 'टेलर अँड सन' ही कंपनी बंद होत असल्याची नोंद करताना ती चुकून 'टेलर अँड सन्स' या कार्डिफच्या वेगळ्याच कंपनीच्या नावावर टाकली. फरक शेवटच्या एका 'एस'चा! चूक लगेच दुरुस्त झाली, पण बातमी पसरली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली आणि शंभर वर्षांहून जुनी कंपनी बुडाली. २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने कार्यालयाला जबाबदार धरलं. म्हणून जीएसटी, उद्यम, बँक आणि बिल, सगळीकडे तुमच्या फर्मचं नाव अक्षरशः एकच हवं.

आता रोजच्या जोड्या बघू.

१. कोटेशन आणि एस्टिमेट
कोटेशन म्हणजे दरपत्रक. या दरात काम करतो, असा तुमचा प्रस्ताव. समोरच्याने होकार दिला की तो करार झाला. एस्टिमेट म्हणजे अंदाजपत्रक, रक्कम पुढेमागे होऊ शकते. जुन्या शेडची दुरुस्ती असेल आणि आत किती गंजलंय ते उघडल्यावरच कळणार असेल, तर कोटेशन कशाला देताय? एस्टिमेट द्या. आणि 'प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे बिल होईल' हे वाक्यही घाला. नुसत्या मथळ्यावर अवलंबून राहू नका.

२. इन्क्लुसिव्ह आणि एक्स्ट्रा
समजा, तुमचा दर १ लाख आणि जीएसटी १८ टक्के. 'जीएसटी एक्स्ट्रा' लिहिलंत तर बिल १,१८,००० रुपयांचं. चुकून 'इन्क्लुसिव्ह' लिहिलंत तर बिल १ लाखाचंच. त्यातून १५,२५४ रुपये कर गेला की हातात उरले ८४,७४६. काम तेच, माल तोच, फक्त एक शब्द वेगळा.

३. बाय आणि टिल
'बाय ३० जून' म्हणजे ३० जूनपर्यंत कधीही, पण त्यानंतर नाही. 'टिल ३० जून' म्हणजे त्या दिवसापर्यंत चालू राहील. मराठीत दोन्हीला आपण 'पर्यंत'च म्हणतो, म्हणून घोळ होतो. लक्षात ठेवा : डिलिव्हरी 'बाय', रेट व्हॅलिड 'टिल'.

४. विदिन आणि आफ्टर
'पेमेंट विदिन ४५ डेज' म्हणजे ४५ दिवसांच्या आत. 'आफ्टर ४५ डेज' म्हणजे ४५ दिवस झाल्यावर. मग ४६वा दिवस की ९०वा? त्याला शेवटच नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत लेखी करारातही ठरवता येत नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल, तर १५ दिवस. म्हणून ऑर्डरवर 'आफ्टर' दिसला तर काम सुरू करण्याआधी 'विदिन' करून मागा.

५. एन्शुअर आणि इन्शुअर
पहिलं म्हणजे खात्री करणं, दुसरं म्हणजे विमा उतरवणं. 'माल सुखरूप पोचेल याची काळजी घेऊ' असं लिहायचं होतं आणि 'माल इन्शुअर करू' असं गेलं, तर विम्याचा कागद मागितल्यावर काय दाखवणार?

मग 'रिव्हर्ट' आणि 'प्रीपोन'चं काय?

यावर लोक तासन् तास भांडतात. 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. आपल्याकडे तो 'उत्तर देणं' या अर्थाने रुळलाय. 'प्रीपोन' हा 'पोस्टपोन'च्या धर्तीवर भारतात चालणारा शब्द, आणि तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. मग बरोबर की चूक? आपला प्रश्न वेगळा आहे : वाचणाऱ्याला कळेल का? बोईसरच्या मॅनेजरला दोन्ही कळतात. परदेशी ग्राहकाला मात्र 'रिप्लाय' लिहा आणि तारीख अलीकडे आणायची असेल तर नवी तारीखच लिहा. तीही '५/६' अशी नको. अमेरिकन माणूस ती ६ मे वाचेल. महिना अक्षरांत लिहा.

व्याकरणावर वाद जरूर घाला, भाषा त्यानेच सुधारते. पण आधी मेल तपासा, वाद नंतर.

आजचा गृहपाठ : तुमची शेवटची तीन कोटेशन्स काढा. पाच गोष्टींवर पेन्सिलने गोल करा : फर्मचं नाव, रक्कम, कर, तारीख, जबाबदारी. प्रत्येक ठिकाणी विचारा, 'याचे दोन अर्थ निघतात का?' निघत असतील तर वाक्य बदला. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, मोघम नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, कागद पक्का ठेवा!