माती-परीक्षेचीं उपकरणें संगणकास कशीं जोडावीं?

१९ फेब्रुवारी २०१५ रोजीं मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यापासून माती-परीक्षा आमच्या वाचकांस नवी राहिलेली नाहीं. १९७६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन ब्यूरो तर आपल्या नागपुरांतच आहे. परंतु परीक्षा कितीही अचूक झाली, तरी उपकरणावरील आंकडा हातानें वहींत व वहींतून संगणकांत उतरवितांना चूक होऊं शकते. सामू ७.८ असतां ८.७ लिहिला गेला, तर चांगली जमीन चोपण ठरून शेतकरी जिप्समच्या व्यर्थ खर्चांत पडतो. म्हणून ज्या सहकारी संस्थेस स्वतःचें परीक्षागृह काढावयाचें असेल, तिनें उपकरणें संगणकास थेट जोडणें हिताचें होय. त्यासाठीं जुनें उपकरण टाकून देण्याचें कारण नाहीं. दोहोंमधील योग्य ॲडॅप्टर मात्र निवडतां आला पाहिजे.

आधीं उपकरणाची पुस्तिका वाचावी, मग बाजारांत जावें. जुन्या सामूमापकांस व तराजूंस बहुधा आरएस-२३२ पद्धतीची ९ खिळ्यांची जोडणी असते. आजच्या संगणकास यूएसबी असते. तथापि केवळ खिळे मोजून भागत नाहीं. आरएस-४८५ ची जोडणीही पुष्कळदां तशीच दिसते. शिवाय आरएस-२३२ च्या तारेंत ३ ते १५ व्होल्टांचा धन व ऋण दाब असतो. केवळ ५ व्होल्ट सोसणाऱ्या जोडणीस तो लावल्यास आंतील भाग जळण्याचा संभव आहे. बैल जोडीस जुळल्यावांचून औत सरळ चालत नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. एकाच खोलींत आरएस-२३२ पुरतें. त्याची मजल सुमारें १५ मीटर. शेतांतील ओलावामापक दूर असल्यास आरएस-४८५ घ्यावें. तें सुमारें १२०० मीटरपर्यंत जातें व एका तारजोडीवर ३२ उपकरणें चालतात.

तिसरी गोष्ट जुळणीची. उपकरण व संगणक या दोहोंकडे वेग एकच ठेवावा; एकीकडे ९६०० व दुसरीकडे ४८०० असल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरें उमटतात. ॲडॅप्टरचा ड्रायव्हर आपल्या संगणकावर चालतो कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच विचारावें. अर्थिंग भरंवशाचें नसल्यास विद्युत्-विलग ॲडॅप्टर घ्यावा, अशी आमची शिफारस आहे. त्यास किंमत अधिक पडते, पण उपकरण वांचतें.

शेवटीं सामू ४ व ७ चीं तयार द्रावणें मोजून उपकरणावरील व संगणकांतील आंकडे ताडून पाहावे. ते तंतोतंत जुळले, तरच शेतकऱ्याची माती त्या जोडणीच्या हवालीं करावी.