शाळेतला फोटो घरापर्यंत : मोबाईलमधले फोटो पाठवण्याच्या पद्धती



आमची शाळा चाकण एमआयडीसीच्या कडेला आहे. वर्गातली बरीच मुलं महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. कुणी लातूरचं, कुणी बीड-बुलढाण्याचं, कुणी थेट बिहारहून आलेलं. आई-बाबा शिफ्टमध्ये. त्यामुळे शाळेतल्या कार्यक्रमाला सगळेच पालक येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी फोटो हाच कार्यक्रम असतो.

मागच्या वर्षी लेझीमचा ग्रुप फोटो मी लगेच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. काही दिवसांनी एका मुलीचे बाबा नाईट शिफ्ट करून थेट शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी सुट्टी नाही मिळाली. या फोटोतून पोरीचा एकटीचा फोटो काढून गावी आईला द्यायचा होता. पण स्टुडिओवाला म्हणतो, फोटो फुटतोय." मूळ फोटो मी तोवर डिलीट केला होता, कारण फोनची मेमरी भरली होती. त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. चूक माझीच होती. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचा हा पाठ.

फोटो का फुटतो? थोडं गणित

मोबाईलचा फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो लहान केला जातो आणि लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते.

आता एका रांगेत १० मुलं उभी आहेत असं धरा.

मूळ फोटो : ४००० ÷ १० = प्रत्येक मुलाला ४०० ठिपके.
व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो : १६०० ÷ १० = प्रत्येक मुलाला १६० ठिपके.

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे मूळ फोटोतून सव्वा इंचापेक्षा थोडा रुंद, जवळजवळ पासपोर्ट साईजचा फोटो निघतो. दुसऱ्यातून जेमतेम अर्धा इंच. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, फरक प्रिंट काढतानाच कळतो.

फोटो पाठवण्याच्या पद्धती

१) व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो : नुसता बघायचा असेल तर पुरेसा. २०२३ पासून पाठवताना 'एचडी' हा पर्यायही मिळतो. त्याने फोटो बरा जातो, पण तोही मूळ फोटो नव्हे.

२) व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून : अटॅचमेंटच्या खुणेवर जाऊन गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडा आणि तिथून फोटो घ्या. फोटो जसाच्या तसा जातो. प्रिंट काढायची असेल तर हीच सर्वांत सोपी पद्धत. फक्त एक लक्षात ठेवा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ती जागाही सोबत जाते. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा.

३) समोरासमोर : अँड्रॉइड फोनवर क्विक शेअर, आयफोनवरून आयफोनला एअरड्रॉप. नेट लागत नाही, डेटा खर्च होत नाही आणि फोटो मूळ दर्जाचाच जातो. पालकसभेत हे छान जमतं. ब्लूटूथही चालतं, पण वेळ लागतो. शेअरइट आणि झेंडर या अ‍ॅपवर आपल्या सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली आहे. जुन्या फोनमध्ये राहिली असतील तर काढून टाका.

४) गूगल फोटोज किंवा ड्राइव्हची लिंक : फोटो खूप असतील तर सोयीचं. पण १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधले फोटोही १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात आणि त्याच जागेत जीमेलही असतं. शिवाय लिंक पुढे गेली की ज्याच्या हाती लागेल तो फोटो पाहू शकतो. पालकांनी फोटो उतरवून घेतले की शेअरिंग बंद करा.

५) केबल किंवा ओटीजी पेन ड्राइव्ह : वर्षभराचे फोटो शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवायला उत्तम. ही कॉपी झाल्याशिवाय फोनमधला मूळ फोटो डिलीट करू नका. माझं नेमकं हेच चुकलं.

पाठवण्याआधी एक प्रश्न : कुणाला?

आपल्या भागातल्या अनेक कंपन्यांत गेटवरच मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आत फोटो काढायला मनाई असते. पालकांना हा नियम चांगला माहीत आहे आणि तो का आहे हेही माहीत आहे. मला वाटतं, गाडीच्या सुट्या भागाचा फोटो आपण इतका जपतो, तर मुलांचा फोटो त्याहून जपायला हवा.

वर्गाच्या ग्रुपवर सगळेच एकमेकांना ओळखत नाहीत. नाव, शाळा, इयत्ता लिहिलेलं आयकार्ड गळ्यात असलेला फोटो तिथे गेला की मुलाची सगळी माहिती गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. आम्ही आता वर्षाच्या सुरुवातीला साधा संमतीचा कागद घेतो. ग्रुप फोटो ग्रुपवर, एकट्या मुलाचा फोटो फक्त त्याच्या पालकांना. आणि रडणाऱ्या, पडलेल्या किंवा शिक्षा झालेल्या मुलाचा फोटो काढायचाच नाही.

वर्गात करून पाहा (इयत्ता ५ वी ते ७ वी)

एकच फोटो तीन पद्धतींनी दुसऱ्या फोनवर पाठवा : साधा, एचडी आणि डॉक्युमेंट. प्रत्येकाची 'डिटेल्स' उघडून पिक्सेल आणि एमबी फळ्यावर लिहा. मग मुलांनाच भागाकार करू द्या. गणित, विज्ञान आणि व्यवहार एका तासात होतात.

माहीत आहे का?

११ जून १९९७ रोजी अमेरिकेत फिलिप कान यांनी आपल्या नवजात मुलीचा फोटो दवाखान्यातूनच मोबाईलच्या साहाय्याने दोन हजारांहून अधिक लोकांना पाठवला. मोबाईलवरून लगेच पाठवलेला हा पहिला फोटो मानला जातो. म्हणजे सुरुवातही एका बापाने लेकीचा फोटो पाठवण्यापासूनच झाली!

यंदा लेझीमचे फोटो आधी कॉम्प्युटरवर ठेवले आणि मग त्या बाबांना मुलीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. प्रिंट नीट आली, गावी पोचलीसुद्धा.

तुम्हीही आज एक काम करा. मुलाचा आवडता फोटो गावाकडच्या आजीला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जमलं तर प्रिंट काढून द्या.